पाहुण्यांचं पाणी

मी मलकापूरला एका शाळेत विज्ञान शिकवतो, आणि माझं गाव वरवट बकालच्या पलीकडे, ऐन खारपाणपट्ट्यात आहे. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला येऊ नयेत, असं मला आताशा फार वाटतं. आठवडाभर फळ्यावर क्षार, द्रावण, गाळण असं लिहायचं आणि रविवारी एसटीनं घरी जाऊन तेच क्षार तांब्या-तांब्यानं पिणारी माणसं बघायची. घरी मोठा भाऊ, वहिनी, त्यांचा मुलगा आणि सून. शेत तिथलंच, कपाशीचं आणि हरभऱ्याचं. मी धाकटा, नोकरीसाठी बाहेर पडलेला, म्हणून घरात माझ्या मताला मान आहे. मत ऐकून घेतात, चहा देतात आणि करायचं तेच करतात.

ज्यांनी आमचा भाग बघितला नाही त्यांना हे सांगावं लागतं की पूर्णेच्या दोन्ही अंगांना जमिनीखालचं पाणी खारट आहे. विहीर खोदा, बोअर मारा, जितकं खोल जाल तितकं जास्त खारं. उत्तरेला सातपुडा उभा आहे. पावसाळ्यात त्याच्यावरचं गोडं पाणी नाल्यांतून उड्या मारत आमच्या शेतांच्या कडेनं नदीत जातं, आणि आम्ही बांधावर उभं राहून त्याला जाताना बघतो. माझ्या लहानपणी बाया नदीच्या वाळूत झिरा उकरायच्या आणि वाटीवाटीनं पाणी हंड्यात भरून आणायच्या. मग सरकारनं हातपंप दिले, बोअर दिले. पाणी दारात आलं आणि खारं आलं. त्याला सगळे प्रगती म्हणाले. मीही म्हणालो असतो. आईच्या डोक्यावरचा हंडा उतरला होता.

आमच्याकडे घरोघर दोन माठ असतात, एक खाऱ्याचा आणि एक गोड्याचा. खारं अंगणातल्या बोअरचं, गोडं ग्रामपंचायतीच्या मशीनचं किंवा विकतचं. गोड्या माठाची वाटणी कुणी ठरवलेली नाही, पण कुठल्याच घरात चुकत नाही. पहिला हक्क पाहुण्याचा. मग डाळीचा, कारण खाऱ्या पाण्यात तुरीची डाळ कितीही शिजवा, दाणा दाण्याला सोडून उभा राहतो. मग लेकरांचा, मग शेतातून आलेल्या पुरुषांचा. घरातल्या बाईचा नंबर शेवटचा, म्हणजे लागतच नाही. पाहुण्याला भाजी तिखट लागली तर तो हसून सोडून देईल, पण पेल्यात खारं पाणी दिलं तर ती गोष्ट पुढे सोयरिकीच्या बैठकीत निघते.

वहिनीला मी कितीदा सांगितलं असेल की तू पण गोडं पीत जा. तिला म्हणे ते फिकं लागायचं, त्यानं तहानच भागायची नाही. इतकी वर्षं पेलो, काही झालं का, असं मलाच विचारायची, आणि मलकापूरचं पाणी पिऊन तुम्ही कोणते पहिलवान झालात म्हणून वर चिडवायची. तिच्या जिभेपुढे माझं विज्ञान कधी टिकलं नाही. आई गेल्यावर माझी शाळा, माझी फी, माझा डबा सगळं तिनं बघितलं होतं. ती सोळा-सतरा वर्षांची असताना या घरात आली आणि तेव्हापासून खाऱ्या माठातलंच प्यायली.

काही वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीजवळ पाणी गोडं करायचं मशीन बसलं. कार्ड लावलं की कॅन भरतो. एका घराला एक कार्ड, दिवसाला एक कॅन. लोक त्याला पाण्याचं एटीएम म्हणू लागले. मला सभेत बोलायची खोड आहे. मी उभा राहून सांगितलं की हे यंत्र थोडं पाणी गोडं करतं आणि बाकीचं आणखी खारं करून नालीत सोडतं; ते पुन्हा त्याच जमिनीत मुरतं, जिथून उद्या आपल्यालाच उपसायचं आहे. शिवाय आपल्या पाण्यानं आतली जाळी चोंदणार, मशीन बंद पडणार, आणि दुरुस्तीवाला शहरातून येईल तेव्हा येईल. लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या आणि कार्डासाठी रांग लावली. बरोबरच होतं त्यांचं. मशीन चोंदलं, बंद पडलं, सुरू झालं, परत बंद पडलं, आणि माझं म्हणणं खरं ठरल्याचा मला एका पैचा आनंद झाला नाही.

मग नळ आला. म्हणजे अक्षरशः नळ आला, पाणी नव्हे. आधी कळस मग पाया ही आमच्या योजनांची जुनी रीत. टाकी बांधली, तिला निळा रंग मारला, गल्लीत पाइप पुरले आणि प्रत्येक अंगणात एक तोटी रोवली. एक माणूस आला, त्यानं वहिनीला तोटीजवळ उभं केलं आणि मोबाईलमध्ये फोटो काढला. वहिनीनं फोटोसाठी पदर नीट केला. त्या फोटोमुळे आमचं घर सरकारी संगणकात नळाचं घर झालं. लांबच्या धरणातून पाणी आणणारी मोठी पाइपलाइन कोणत्या गावांना आधी जोडायची, हे मात्र ठरायचं होतं. तोवर वहिनीनं तोटीला शेळी बांधली. निदान तेवढ्यापुरती तरी योजना आमच्या कामी आली.

अभ्यास करणाऱ्यांची तर आमच्याकडे कधी वाण पडली नाही. मूत्रपिंडाचे रोगी या पट्ट्यात गल्लोगल्ली आहेत, त्यामुळे आम्ही अभ्यासाला फार सोयीचे आहोत. कुणी रक्त नेलं, कुणी लघवी नेली, कुणी माती नेली, एकानं तर गव्हाच्या लोंब्या नेल्या. बाया हात पुढे करून बसायच्या. घेऊन गेलेल्याचं पुढे काय झालं, ते सांगायला फिरून कुणी आलं नाही. कुठे निबंध वाचले गेले असतील, कुणाला पदव्या मिळाल्या असतील. शेवटचं वाक्य काय असेल ते मी न वाचता सांगतो: या विषयावर अधिक संशोधनाची गरज आहे. ती गरज पुरवायला आम्ही आहोतच.

त्यातलीच एक तुकडी पाण्यासाठी आली. पाइपलाइन आधी कुणाला द्यायची हे ठरवण्यासाठी गावोगावच्या घरांतून पिण्याच्या पाण्याचे नमुने घ्यायचे होते. ज्या गावचं पाणी जास्त वाईट, त्याचा नंबर आधी. इतकी साधी, सरळ, शहाणी कल्पना सरकारला सुचली म्हणून मी शाळेत सगळ्यांना पेढे दिले. तुकडी घरी आली त्या दिवशी मी मलकापूरला होतो. संध्याकाळी वहिनीचा फोन आला. पुण्याकडची माणसं होती, चांगल्या घरची वाटत होती, त्यांना पोहे केले, चहा दिला, बाटल्या भरून घेऊन गेली, असं तिनं उत्साहानं सांगितलं. मी खूश झालो. आपलं पाणी मोजल्यावर त्यांचे डोळे पांढरे होतील, असं मी तिला म्हणालो, आणि ती हसली.

दिवाळीनंतर तिचे पाय सुजायला लागले. कापूस वेचताना दिवसभर उभं राहून सुजतात, असं ती म्हणाली आणि दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून खात राहिली. मग तोंडावर सूज आली, अन्न नको झालं. मी तिला ओढतच मलकापूरला आणलं, तिथून खामगावला नेलं. दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेली होती. डॉक्टर सभ्य माणूस होता. तुमच्या भागातून फार लोक येतात, म्हणाला. पाण्यामुळे झालं का, मी विचारलं. पाणी असेल, ऊन असेल, त्या गोळ्या असतील, सगळं मिळून असेल, नक्की सांगता येत नाही, असं तो म्हणाला. मी विज्ञानाचा माणूस. 'नक्की सांगता येत नाही' हे वाक्य मला पवित्र वाटायला हवं. मला त्या क्षणी त्याची गचांडी धरावीशी वाटली.

त्या दिवसापासून वहिनीचं डायलिसिस सुरू झालं, आणि पाणी मापून प्यायचं आलं. जन्मभर खारं पाणी ढोसणारी बाई आता गोड्या पाण्याचे घोट राखून ठेवू लागली. त्याच सुमाराला घरात सून आली, मोताळ्याकडची. मी घरात फर्मान काढलं की यापुढे या घरात कुणीही बोअरचं पाणी पिणार नाही. ते आंघोळीला, भांड्याला, जनावरांना. भावानं मान हलवली, पुतण्यानं हलवली, सुनेनंही हलवली. मला वाटलं, निदान एक घर तरी आपण सुधारलं.

मग मी तालुक्याच्या कार्यालयात गेलो, पाइपलाइनचं विचारायला. तिथला अभियंता माझ्याच वयाचा, त्रासलेला, पण बोलायला चांगला. त्यानं संगणकात बघितलं आणि म्हणाला की सर, तुमचं गाव पहिल्या टप्प्यात नाही, दुसऱ्यातही नाही. मी कारण विचारलं. तो म्हणाला, तुमच्या गावचं पाणी चांगलं आलं.

मला आधी वाटलं तो थट्टा करतोय. मग वाटलं गावाचं नाव चुकलं असेल. त्यानं पडदा माझ्याकडे फिरवून दाखवला. आमच्याच गल्लीतली घरं होती, आमचंही होतं, आणि प्रत्येकापुढे 'पिण्यास योग्य' होतं. शेजारचं गाव, जिथलं पाणी आमच्याहून जरा बरंच म्हणावं, ते पहिल्या टप्प्यात गेलं होतं. मी तिथंच आवाज चढवला. प्रयोगशाळा विकली गेली, बाटल्या बदलल्या, कुणाच्या तरी मतदारसंघासाठी आमचा बळी दिला, असं काय काय बोललो. अभियंता ऐकून घेत होता. त्याला असं ऐकायची सवय असावी.

त्यानंतरचे कित्येक महिने मी त्याच रागावर जगलो. अर्ज केले, निवेदनं दिली, जिल्ह्याला जाऊन आलो, पेपरवाल्यांना भेटलो. शाळेतलं क्षार मोजायचं मीटर आणून चौकात लोकांसमोर बोअरचं पाणी मोजून दाखवलं. प्रत्येक सभेत मी त्या प्रयोगशाळेची धिंड काढली. लोक माझ्या बाजूनं होते, बाया माना डोलवायच्या. भाऊ मात्र एकदा कंटाळून म्हणाला, "तुह्या सायन्सानं काई होऊन नाई राह्यलं. तिले खामगावले न्याले गाडी पाह्य आधी." मी त्याच्यावरही चिडलो.

एका खेपेला भावाला शेतात काम होतं म्हणून मी वहिनीबरोबर खामगावला गेलो. मशीन सुरू होतं, नळ्यांतून तिचं रक्त फिरत होतं. तिला बोलतं ठेवायला मी नेहमीसारखा त्या प्रयोगशाळेला शिव्या देत होतो. ती ऐकत होती. मग म्हणाली की ती माणसं काही वाईट नव्हती, उगाच त्यांना बोलू नका, पोहे खाऊन ताट स्वतः मोरीत नेऊन ठेवलं होतं त्यांनी. मी सहज विचारलं की त्यांनी बोअर हापसून पाणी घेतलं की तू भरून दिलं.

"म्याच देलं भरून, गोड्या माठातलं," ती म्हणाली. "पेयाचं पानी द्या म्हने. आता आपून पेतो थे खारं पानी त्याइच्या बाटलीत भरू काय? लांबून आलेली मानसं. बरं दिसते का थे, भाऊजी?"

मी तिच्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर चुकल्याचं काहीच नव्हतं. पाहुणचार नीट झाल्याचं समाधान होतं, आणि थकवा. मी हो म्हणालो, बरं केलंस. मग बाहेर येऊन पायरीवर बसलो.

त्या आठवड्यात गावात जाऊन मी गल्लीतल्या घराघरात विचारलं. कुणालाही लपवायचं नव्हतं. सगळ्यांनी गोड्या माठातलंच दिलं होतं. एका म्हातारीकडे त्या दिवशी गोडं संपलं होतं, तर तिनं शेजारून पेलाभर मागून आणून बाटली भरली होती. आमच्या गावानं सरकारला आपलं पाहुण्यांचं पाणी दिलं होतं, आणि सरकारनं ते मोजून आम्हाला शाबासकी दिली होती. बाटल्या कुणी बदलल्या नव्हत्या. प्रयोगशाळेनं अगदी अचूक काम केलं होतं. ज्यांना मी चौकाचौकात चोर म्हणत होतो, ती बिचारी खरी माणसं होती, फक्त पोहे खाऊन, चहा पिऊन, अंगणातल्या बोअरचा दांडा एकदाही न हापसता निघून गेली होती.

मला तेव्हा पहिल्यांदा खरंखुरं हताश वाटलं. लबाडी असती तर लढता आलं असतं. लबाडाला पकडता येतं, बदलता येतं, निदान शिव्या देता येतात. इथे कुणाला धरू? बाईनं घरातलं चांगलं ते दिलं. तिला शिकवलंच होतं ते. शिकलेल्या माणसांनी विचारलं, उत्तर मिळालं, लिहून घेतलं. मी इतकी वर्षं मुलांना सांगत आलो की मोजलं की कळतं. काय डोंबल कळतं? आमच्या घरात पाणी कुणाच्या घशात जातं, हे मोजायचं यंत्र कुणाकडे आहे? माझ्याकडेही नव्हतं, आणि मी तर त्याच घरात जेवलो-वाढलो.

भावाला मी सांगितलं. तो म्हणाला, तिला सांगू नको. मी कशाला सांगतो? जिला स्वतःच्या हातानं भरलेल्या बाटल्यांपायी गावाची पाइपलाइन गेली हे कळेल, ती डायलिसिसच्या खुर्चीत बसेल कशी? मी गुपचूप अभियंत्याकडे गेलो, जे झालं ते सांगितलं. तो हसला नाही, याबद्दल मी त्याला मानतो. पुन्हा नमुने घ्यायचे तर वरून मंजुरी लागते, तुम्ही अर्ज द्या, तो म्हणाला. मी दिला. बैल गेल्यावर झोपा करायचा, तर त्यालाही परवानगी लागते. पावसाळा गेला, हिवाळा गेला. दरम्यान सुनेला दिवस गेले. वहिनी बारीक होत चालली, पण त्या बातमीनं तिला जरा तरतरी आली होती.

शेवटी पुन्हा तुकडी आली, एक बाई आणि एक माणूस. मी शाळेतून रजा घेऊन हजर होतो. सुनेनं ट्रेमधून गोडं पाणी आणलं, त्यांनी प्यायलं. मी त्यांना बसू दिलं नाही. सरळ बोअरपाशी नेलं, स्वतः दांडा हापसला, आणि माझ्या डोळ्यांसमोर बाटल्या भरून घेतल्या. त्या बाई शांतपणे चिठ्ठ्या चिकटवत होत्या. मला वाटलं, चला, एकदाचं खरं पाणी निघालं या गावातून. मग त्यांनी ठरलेले प्रश्न विचारायला घेतले. हे पाणी सध्या घरात पिण्यासाठी कोण वापरतं?

"कुणीच नाही," मी लगेच सांगितलं. "वहिनी आजारी पडल्यापासून मी बंदच केलंय."

बाई तसं लिहू लागल्या. सून दारात उभी होती, रिकाम्या पेल्यांचा ट्रे पोटाला टेकवून. सातवा महिना होता तिला. अंगणात बाजेवर पडलेली वहिनी हाताचा रेटा देऊन उठून बसली.

"खरं सांग माय," ती सुनेला म्हणाली. "माह्यासारखं नको करू. या पाहुण्याइले खरं सांग."

म्हणजे वहिनीला माहीत होतं. कधीपासून, कुणाकडून, ते विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही. भाऊ जमिनीकडे बघत होता.

सुनेनं माझ्याकडे बघितलं नाही. खाली मान घालून ती हळूहळू सांगत गेली. मशीन सारखं बंद पडतं, मग कॅन पुरत नाही. आईंच्या गोळ्यांना गोडं पाणी लागतं, डाळीला लागतं, मामंजी आणि हे शेतातून तहानलेले येतात, आणि आई आजारी असल्यामुळे भेटायला पाहुणे फार येतात. त्या बाईंनी आधी लिहिलेलं खोडलं आणि पुन्हा विचारलं, म्हणजे हे पाणी पितं कोण?

"मी पेतो," सून म्हणाली.